रेम्ब्रांटचे तीन वृक्ष

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर नेदरलँड्स नावाचा एक चिमुकला देश आहे. आपल्याकडे त्याला हॉलंड म्हणण्याचा प्रघात आहे. डोंगरदऱ्या पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा प्रदेश प्रथमदर्शनी ओकाबोका वाटेल. जिकडे दृष्टी टाकावी तिकडे सपाट कुरणे, संथ कालवे, त्यांच्या कडेने गेलेले मातीचे बांध, आणि दूर क्षितिजावर एखाद्या चर्चचा मनोरा नाही तर पवनचक्की. देशाचा पुष्कळसा भाग समुद्राच्या पातळीहूनही खाली आहे. तेथील लोकांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून समुद्राला थोपवून धरले, पवनचक्क्यांच्या साहाय्याने पाणी उपसून काढले आणि दलदलीतून शेते व कुरणे तयार केली. अशा भूमीत एकच गोष्ट भव्य असते, ती म्हणजे आकाश. समुद्रावरून ढग येतात, पाऊस कोसळतो, पुन्हा ऊन पडते. आणि त्या विशाल आकाशाखाली माणसे, गुरे, झाडे आपापल्या जागी अगदी लहान दिसतात.

या भूमीत लायडन शहरी १५ जुलै १६०६ रोजी रेम्ब्रांट या थोर चित्रकाराचा जन्म झाला. त्याचे वडील हार्मेन हे चक्कीवाले होते. ऱ्हाइन नदीच्या एका शाखेच्या काठी त्यांची पवनचक्की होती आणि तीत मोड आणून वाळवलेले सातू दळले जात. नदीच्या नावावरूनच या घराण्याला वान राइन हे आडनाव मिळाले. आई एका पाववाल्याची मुलगी. घरात भावंडे पुष्कळ. रेम्ब्रांट त्यांतील धाकट्यांपैकी एक. मुलगा हुशार आहे असे पाहून आईवडिलांनी त्याला लॅटिन शाळेत घातले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १६२० मध्ये, त्याचे नाव लायडनच्या विद्यापीठात नोंदवले. परंतु त्याचे मन ग्रंथांत रमेना. अखेर त्याला एका स्थानिक चित्रकाराकडे शिकण्यास ठेवण्यात आले. तेथे सुमारे तीन वर्षे काढल्यावर तो अ‍ॅम्स्टरडॅमला पीटर लास्टमान या नामांकित चित्रकाराकडे सहा महिने राहिला आणि मग गावी परत येऊन स्वतःच चित्रे काढू लागला.

अ‍ॅम्स्टरडॅम हे त्या काळी जगातील एक अत्यंत श्रीमंत बंदर होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची गलबते तेथून निघून भारत, जावा, जपानपर्यंत जात. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यासही या कंपनीची वखार होती. अशा शहरात चित्रांना गिऱ्हाईक मिळणार हे उघड होते. १६३१ च्या सुमारास रेम्ब्रांट तेथे जाऊन राहिला. १६३२ मध्ये त्याने डॉक्टर टुल्प हे शरीररचनेचा पाठ देत आहेत असे एक मोठे चित्र काढले आणि तो एकदम प्रसिद्धीस आला. धनिक व्यापारी आपली चित्रे काढून घेण्यासाठी त्याच्याकडे येऊ लागले. १६३४ मध्ये सास्किया नावाच्या सुसंस्कृत घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. पाच वर्षांनी त्याने १३,००० गिल्डर किंमत ठरवून एक प्रशस्त घर घेतले. सगळी रक्कम हाती नव्हती. ती हप्त्याहप्त्याने द्यावयाची होती. पण हात मोकळा सोडणाऱ्या या माणसाला त्याची चिंता वाटली नसावी. शंखशिंपले, जुनी शस्त्रे, पुतळे, दूरदेशीची वस्त्रे, इतर चित्रकारांची चित्रे, जे मनात भरेल ते तो विकत घेई. या उधळेपणाचे फळ त्याला पुढे भोगावे लागले.

त्याआधी दुसरेच दुःख ओढवले. सास्कियाची पहिली तीन मुले तान्हेपणीच दगावली. चौथा मुलगा टायटस १६४१ मध्ये जन्मला आणि जगला. परंतु सास्कियाची प्रकृती ढासळली, आणि १६४२ च्या जून महिन्यात, तिशीही गाठण्यापूर्वी, ती मरण पावली. याच वर्षी रेम्ब्रांटने आपले सर्वांत विख्यात चित्र पुरे केले. ते रात्रीचा पहारा या नावाने ओळखले जाते. शहराच्या रक्षक दलाचे ते चित्र आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. एका भिंतीइतके विशाल चित्र पुरे करणाऱ्या या माणसाने पुढील वर्षी, १६४३ मध्ये, एका वहीच्या पानाएवढ्या तांब्याच्या पत्र्यावर एक निसर्गदृश्य कोरले. तीन वृक्ष हे त्याचे नाव. या पाठात मुख्यतः त्या लहानशा चित्राविषयी सांगावयाचे आहे.

पत्र्यावर चित्र काढण्याची ही रीत अम्लरेखन या नावाने ओळखली जाते; बोलताना चित्रकार तिला एचिंग असेच म्हणतात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. थर वाळला की अणकुचीदार सुईने त्यावर चित्र काढायचे. सुई जेथे जेथे फिरते तेथे तेथे मेण निघून खालचे तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर तेजाब सोडायचे. मेणाला तेजाब काही करू शकत नाही. मात्र उघड्या पडलेल्या तांब्याला ते खाते आणि रेघेच्या जागी बारीक खाचा पडतात. तेजाब जितका अधिक वेळ राहील तितकी खाच खोल आणि रेघ काळी. नंतर मेण काढून टाकायचे, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. खाचांतील शाई कागदावर उतरते. एका पत्र्यावरून असे पुष्कळ ठसे काढता येतात. एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. पत्र्यावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे येते. म्हणून रेम्ब्रांटने अ‍ॅम्स्टरडॅम शहराचे जे दृश्य कोरले ते ठशात आरशातल्यासारखे उलटे दिसते.

याखेरीज एक युक्ती तो वरचेवर योजत असे. मेण व तेजाब यांना फाटा देऊन कोरडी सुई तांब्यावर थेट ओढली, तर रेघेच्या कडेला नांगराच्या तासाप्रमाणे धातूची बारीक कड उठते. त्या कडेत शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ व गडद उमटते. ही कड नाजूक असते. थोडे ठसे काढले की ती झिजते. म्हणून पहिल्या ठशांचे मोल अधिक.

रेम्ब्रांटने आयुष्यात सुमारे ३०० अम्लरेखने केली. त्यांत निसर्गदृश्ये जेमतेम २५ च्या आसपास भरतील, आणि तीही साधारणपणे १६४० ते १६५३ या काळातली. या वर्षांत तो शहराच्या वेशीबाहेर पडे, आम्स्टेल नदीच्या काठाने आणि बांधांवरून मैलच्या मैल चाले आणि दिसेल ते टिपून घेई. पडक्या झोपड्या, गवताच्या गंजी, नावा, कुंपणे. त्या वेळचे अनेक चित्रकार इटलीतील डोंगर आणि भग्न मंदिरे रंगवून नाव मिळवीत होते. रेम्ब्रांट इटलीला कधी गेलाच नाही.

१६४१ मध्ये त्याने एक पवनचक्की कोरली. ही त्याच्या वडिलांचीच चक्की असली पाहिजे, अशी कित्येक वर्षे लोकांची समजूत होती. पुढे संशोधनाने ठरले की ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या तटावरील असून कातडी कमावणाऱ्या कारागिरांची होती. कातडे मऊ करण्यासाठी तेथे माशाचे तेल वापरीत, आणि त्याच्या घाणीवरून लोकांनी चक्कीला नावही तसेच ठेवले होते! अशा वासाच्या जागेत रेम्ब्रांटने काय पाहिले असेल? चक्कीच्या लाकडी फळ्या, दोरखंड, शिडाची कापडे त्याने एकेक करून मन लावून काढली आहेत. त्या काळी हॉलंडात बोधचित्रांची पुस्तके घरोघरी वाचली जात. त्यांत एक लहान चित्र असे आणि त्याखाली त्यातून घ्यावयाचा बोध पद्यात सांगितलेला असे. वारा वाहिल्यावाचून चक्की हलत नाही, तसेच ईश्वराची कृपा झाल्यावाचून माणसाच्या हातून काही घडत नाही, असा अर्थ धार्मिक वृत्तीची माणसे चक्कीत पाहत. आपल्याकडे औदुंबर दिसला की दत्ताची आठवण व्हावी, तसाच हा प्रकार. रेम्ब्रांटचे चित्र पाहणाऱ्यांना असे अर्थ शोधण्याची सवय होती, एवढे ध्यानात ठेवून आता तीन वृक्षांकडे वळू.

हे त्याच्या निसर्गदृश्यांच्या अम्लरेखनांतील सर्वांत मोठे, आणि तरीही केवळ २१ सेंटिमीटर उंच व २८ सेंटिमीटर रुंद. उजव्या बाजूस एका उंचवट्यावर तीन झाडे एकमेकांना बिलगून उभी आहेत. त्यांचे शेंडे इतके मिसळले आहेत की कोणती फांदी कोणत्या झाडाची हे सांगता येऊ नये. झाडांमागे आकाश लख्ख उजळले आहे. डावीकडे मात्र वादळ आहे. ढग गरगर फिरत आहेत आणि अगदी डाव्या कोपऱ्यात, पट्टी लावून ओढल्याप्रमाणे, सरळ तिरप्या काळ्या रेघा खाली आल्या आहेत. तो कोसळता पाऊस आहे. उजवीकडील उजेडावरून वाटते की वादळ सरत चालले आहे. दूरवर सपाट मैदान पसरले आहे आणि त्याच्या टोकाशी अ‍ॅम्स्टरडॅमचे मनोरे अस्पष्ट दिसतात.

तीन झाडे, एक उंचवटा आणि वादळ. ख्रिस्ती धर्माच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे पाहून काय आठवेल? येशू ख्रिस्ताला एका टेकडीवर क्रुसावर चढवले, त्याच्या दोन्ही बाजूंस दोन चोरांचे क्रूस होते, आणि त्या वेळी भरदिवसा अंधार पडला, अशी कथा आहे. म्हणून पुष्कळ रसिक या तीन वृक्षांत ते तीन क्रूस पाहतात. कोणी त्यांत पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रयीची खूण मानतात. आणखी कोणी म्हणतात की हे वादळ चित्रकाराच्या हृदयातील आहे. वर्षापूर्वीच त्याची पत्नी गेली होती, आणि त्या दुःखातून बाहेर पडणाऱ्या मनाचा उजेड झाडांमागे पसरला आहे.

यांतील खरे कोणते? रेम्ब्रांटने आपल्या चित्रांविषयी लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. त्याची अवघी सात पत्रे आज उपलब्ध आहेत, तीही सास्कियाच्या मृत्यूपूर्वीची, आणि त्यांत मुख्यतः चित्रांचे पैसे लवकर मिळावेत ही विनंती आहे! क्रुसांचा अर्थ अगदीच निराधार मात्र म्हणता येत नाही. दहा वर्षांनी, १६५३ मध्ये, त्याने तीन क्रूस याच विषयावर एक मोठे चित्र कोरड्या सुईने कोरले. त्यात वरून प्रकाशाचा लोट खाली येतो. नंतर त्याच पत्र्यावर त्याने पुन्हा काम केले, कित्येक आकृती खोडल्या आणि वरून काळ्या रेघांचा असा मारा केला की जवळजवळ सारे दृश्य अंधारात बुडून गेले. त्या रेघा पाहताना तीन वृक्षांच्या कोपऱ्यातील पाऊस आठवल्यावाचून राहत नाही.

तरीही क्रूस शोधण्याच्या घाईत या चित्रातील माणसांकडे पाहायचे राहून जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माणसे आहेत, आणि ती पुष्कळ आहेत. डावीकडे पाण्याच्या काठी एक माणूस गळ टाकून बसला आहे. शेजारी त्याची बायको आहे. मैदानात गुरे चरत आहेत, शेतात काम करणारे ठिपक्यांएवढे लोक आहेत. झाडांपलीकडे उंचवट्यावरून माणसांनी भरलेली एक गाडी चालली आहे. उजव्या कोपऱ्यातील झुडपांच्या गर्द सावलीत एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांजवळ बसली आहेत. ती इतक्या काळोखात आहेत की पहिल्या दृष्टीस कोणालाच दिसत नाहीत. आणि उंचवट्याच्या माथ्यावर, अगदी उजव्या कडेला, एक चित्रकार बसून चित्र काढीत आहे.

एवढे मोठे वादळ होऊन गेले, पण त्याच्याकडे यांतील कोणीच पाहत नाही. कोळ्याचे लक्ष पाण्यावर, तरुण-तरुणीचे एकमेकांवर, गाडीतल्यांचे वाटेवर. चित्रकार तरी पाहील म्हणावे, तर तोही पाठ फिरवून चित्राबाहेरच्या दुसऱ्याच कशाचे चित्र काढतो आहे. ज्या तीन झाडांनी आपल्याला खिळवून ठेवले, त्यांची त्याला दखलच नाही. निसर्ग माणसासाठी थांबत नाही, आणि माणूसही निसर्गाची थोरवी जाणून जगतोच असे नाही. हे दोन्ही त्या एका पानात आहे. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. हॉलंडच्या सपाट भूमीत असा उंचवटा म्हणजे बहुधा माणसांनी घातलेला बांधच. तसे असेल तर वादळाला तोंड देणारी ही झाडे ज्या मातीत रुजली आहेत, ती कोणा अनाम कष्टकऱ्यांनी पाट्या वाहून रचलेली माती आहे.

१६४५ मध्ये कोरलेल्या ओम्वाल या चित्रातही असेच काही आढळते. ओम्वाल हे आम्स्टेल नदीच्या वळणावरील एक ठिकाण. एका बाजूस जुनाट, फाटलेल्या खोडाचे एक झाड आहे; दुसऱ्या बाजूस नदीवरून नावा चालल्या आहेत. काठावर एक माणूस पाठमोरा उभा राहून त्या नावा पाहतो आहे. त्या म्हाताऱ्या झाडाच्या पालवीआड एक तरुण एका मुलीच्या मस्तकावर फुलांची माळ ठेवीत आहे, हे पाठमोऱ्या माणसाला ठाऊकच नाही. जीर्ण खोड आणि कोवळे वय ही जोडी चित्रकाराने मुद्दाम जुळवली असावी.

त्याच वर्षीच्या एका पुलाच्या चित्राची एक दंतकथा सांगतात. रेम्ब्रांट आपला मित्र यान सिक्स याच्याकडे जेवावयास गेला होता. पानावर मोहरीची चटणी नव्हती, म्हणून नोकर गावात धावला. तो परत येण्यापूर्वी मी एक चित्र पुरे करून दाखवतो, अशी पैज रेम्ब्रांटने मारली आणि ती जिंकली. कथा त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी छापली गेली. तेव्हा ती कितपत खरी मानावी हे ज्याचे त्याने ठरवावे. चित्र मात्र खरोखरच मोजक्या रेघांचे आहे, आणि मोकळा राहिलेला कागदच त्यात आकाश झाला आहे.

१६५१ मधील एका चित्रात हार्लेम शहराजवळचा रुंद मैदानी प्रदेश आहे. त्यातील वाडा क्रिस्टोफेल थाइस नावाच्या गृहस्थाचा होता. हा गृहस्थ म्हणजे रेम्ब्रांटला घर विकणाऱ्यांपैकी एक. बारा वर्षे लोटली तरी घराचे हजारो गिल्डर देणे बाकी होते. या सावकाराचा राग शांत व्हावा म्हणून चित्र काढले असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, चित्रात लाचारी कोठेही दिसत नाही. कुरणांवरून उजेड सरकत जातो, सावकाराचा वाडा त्या विस्तारात एका बाजूस लहानसा उरतो.

कर्ज काही फिटले नाही. १६५६ मध्ये त्याला आपले दिवाळे जाहीर करावे लागले. अधिकारी घरात शिरले आणि त्यांनी दालनादालनांतील वस्तूंची यादी केली. ३६३ नोंदी झाल्या. आवडीने जमवलेले सारे लिलावात गेले. १६५८ मध्ये घरही ११,२१८ गिल्डरना विकले गेले आणि हे कुटुंब शहराच्या एका साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहू लागले. हेंड्रिक्ये ही त्याची जीवनसंगिनी आणि मुलगा टायटस यांनी मिळून चित्रविक्रीचा व्यवसाय थाटला, आणि रेम्ब्रांट कागदोपत्री त्यांचा नोकर झाला. म्हणजे त्याने काढलेल्या चित्रांवर सावकारांना हक्क सांगता येऊ नये.

या पडत्या काळातही त्याचा हात थांबला नाही. भारतातून आलेली मोगल लघुचित्रे याच सुमारास त्याने जवळून पाहिली आणि जहांगीर, शाहजहान यांची चित्रे आपल्या हाताने पौर्वात्य कागदावर उतरवून काढली. त्यांपैकी वीसहून अधिक आजही टिकून आहेत. शेताकुरणांकडे मात्र सुई घेऊन तो पुन्हा वळला नाही.

१६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली, १६६८ मध्ये टायटसही गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, रेम्ब्रांट मरण पावला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या थडग्यात त्याला पुरण्यात आले. ती जागा नेमकी कोणती, हे आज कोणीही दाखवू शकत नाही.

तीन वृक्षांचे ठसे अ‍ॅम्स्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. जुन्या कागदाला फार उजेड सोसत नाही, म्हणून असे ठसे एरवी पेट्यांत बंद ठेवतात आणि अधूनमधूनच बाहेर काढतात. ते पाहताना भिंग हाती घ्यावे लागते. उजव्या कोपऱ्यातील झुडपावर भिंग धरले, की प्रथम नुसता काळोख दिसतो, आणि थोड्या वेळाने त्यात बसलेली ती दोघे.